दंडावरची सवत

चैताली खोतला सवत होती, आणि त्या सवतीचं नावही चैताली खोतच होतं.

दोघींचा चेहरा एक, आवाज एक, आधार कार्डसुद्धा एक. फरक एवढाच, की सवतीच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आरपार दिसणारी, हात फिरवला तरी न कळणारी. आणि नवऱ्याचा सगळा जीव त्या पट्टीवालीवर होता.

त्या सोमवारी सकाळी चैताली चपात्या लाटत होती. रणजित डबा घ्यायला स्वयंपाकघरात आला. आई पलीकडं देवाजवळ आहे याची खात्री करून तो तिच्या कानाशी वाकला.

"काल म्हणजे एकदम नाद खुळा."

"कोण?"

"कोण म्हणजे? तूच की."

"मी नव्हते ती."

"मग काय शेजारीण आलती?" असं म्हणून तो हसला, गालाला पीठ लावून गेला आणि बाहेर बुलेटला किक मारली. बुलेट त्याच्या वडिलांची, जुनी पेट्रोलवरची. गल्लीत तेवढीच एक आवाज करणारी गाडी उरली होती. चैताली तव्यासमोर उभी राहिली. चपाती करपली. करपू दे म्हणाली. पोटात जे जळत होतं त्याच्यापुढं चपाती काहीच नव्हती.

बाई स्वतःवरच कशी जळेल, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्यानं आधी हे ऐकावं.

चैताली चोविशीतली. माहेर आजऱ्याचं, सासर कागलचं. कागलच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकांवर नजर ठेवायचं केंद्र निघालं होतं, तिथं ती कामाला. बंगळूर रस्त्यावर आता बिनड्रायव्हरचे ट्रक धावत होते. ट्रक आपला आपण चालतो, पण रस्त्यात बैल उभा राहिला, वरात आली, दुचाकीवाला उलट्या दिशेनं घुसला, तर यंत्राची बुद्धी संपते. तिथं माणूस लागतो. तो माणूस म्हणजे चैताली. समोर पडद्यांची रांग, प्रत्येक पडद्यात एक ट्रक, आणि उजव्या पायाखाली एक पेडल. ते पेडल दाबूनच ठेवायचं. पाय सुटला, की बाई झोपली असं यंत्र धरून चालतं. भोंगा वाजतो आणि पगार कापला जातो. चहा पिताना पाय पेडलवर, शिंकताना पाय पेडलवर, पाळीच्या कळा येत असल्या तरी पाय पेडलवर. कंपनीचे साहेब म्हणत, "काम तरी काय आहे? बसून तर असता."

संध्याकाळी घर. घर म्हणजे एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर. मोठ्या खोलीच्या मधोमध लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडं नवं जोडपं, पलीकडं सासू. सासूला ती आत्ती म्हणायची. आत्तींना खोकला होता, आणि तो कधी येईल ते सांगता येत नसे.

लग्नानंतर काही आठवड्यांतच चैतालीचं शरीर बंद झालं. पाळी येईना. इच्छा मेली. रणजितनं जवळ घेतलं की अंग लाकडासारखं व्हायचं आणि असं दुखायचं, की ती उशीचा कोपरा तोंडात धरायची. रणजित वाईट माणूस नव्हता. तो थांबायचा. पण थांबून भिंतीकडं तोंड करायचा, आणि ती पाठ तिला बोलल्यासारखी वाटायची.

शेवटी दोघं कोल्हापूरला डॉक्टर नसीम मुल्लांकडं गेले. बाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. तपासण्या झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"हे बघ बाळा, मेंदूच्या तळाला बदामाएवढी एक जागा आहे. ती ठरलेल्या लयीत ठोके देते. छातीचे नाहीत हं, रसायनांचे. त्या ठोक्यांवर खालचा सगळा कारभार चालतो. पाळी, ओलावा, इच्छा, सगळं. आता मागं वाघ लागला तर शरीर काय म्हणेल? आधी पळ, बाकीचं नंतर. मग कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात चढतं आणि ते ठोके मंद करतं. वाघ गेला की ठोके परत सुरू. तुझं काय झालंय, तुझा वाघ जातच नाही."

"जाईल कसा डॉक्टर? तोच पगार देतोय."

डॉक्टर हसल्या, पण डोळ्यांनी नाही. "आणि दिवसभर एक पाय दाबून बसतेस. ओटीपोटाखालचे स्नायू तसेच आवळलेले राहतात. संध्याकाळी नवऱ्याचा हात लागला म्हणून ते सुटत नाहीत. दुखतं ते नाटक नाही, हे दोघांनीही ध्यानात ठेवा."

रणजित इतका वेळ खाली बघत होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे माझ्यात काय खोट न्हाई?"

"नाही."

त्याचे खांदे एकदम खाली आले. चैतालीनं ते बघितलं. तेव्हा तिला त्याची दया आली होती.

"दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पहिली, वाघ हाकला. कामाचं बघा, झोपेचं बघा, घरात दार लावता येईल अशी जागा करा. वेळ लागेल, पण ते खरं औषध. दुसरी, ही पट्टी. हिचं नाव 'लय'. घामातलं कॉर्टिसॉल वाचते. ते चढलं, की केसाहून बारीक सुयांतून किसपेप्टिन सोडते. त्या बदामाला जागं करणारं द्रव्य आहे ते. म्हणजे वाघ असतो तिथंच, फक्त शरीराला दिसेनासा होतो."

"पट्टीच द्या," रणजित म्हणाला.

चैतालीला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही तोंड उघडलं नाही, कारण पट्टी कंपनीच्या विम्यात बसत होती. कंपनीला पेडल सैल करायचं नव्हतं, नवऱ्याला भिंत बांधायची नव्हती, सासूला कपाटापलीकडून हलायचं नव्हतं. एवढ्या जणांना जागचं हलवण्यापेक्षा एका पोरीच्या रक्तात चिमूटभर औषध सोडणं सोपं. या देशात कायम हेच सोपं असतं.

आणि पट्टी चालली! खोटं कशाला बोला, चैतालीला आनंदच झाला. पाळी आली. अंग सैल पडलं. स्वतःचंच शरीर तिला पहिल्यांदा भेटल्यासारखं झालं. रणजित शीळ घालत फौंड्रीत कामाला जायला लागला. येताना भडंग आणायचा, गजरा आणायचा. आत्ती भांडी आपटायला लागल्या.

"आमच्या अंगाला कुणी इचारलं न्हाई," त्या एकदा कपबशी विसळता विसळता म्हणाल्या. "दुखलं तर गप, बंद पडलं तर गप. तुझ्या अंगाला डॉक्टर, तुझ्या अंगाला औषध, आणि वर नवरा गाडीवरनं मिरवत न्हेतोय."

चैतालीला कळलं, आत्ती जळतायत. तिला गंमत वाटली. जळणं म्हणजे काय, ते तिला अजून कळायचं होतं.

ते कळलं एका रविवारी. शेजारी बारसं होतं. रणजितचे मित्र मांडवात बसलेले, आणि त्यांच्यात बसून रणजित हसत हसत म्हणाला, "आमच्या हिला आता रिमोट बसवलाय. बटण दाबलं की चालू." सगळे खिदळले. चैताली पेढ्यांचं ताट घेऊन मागंच उभी होती.

घरी आली ती रागानं थरथरत. आत्ती बचत गटाच्या बैठकीला गेल्या होत्या. तिला त्याच्याशी महिनाभर बोलायचं नव्हतं. रणजित मागून आला, "चुकलं बाई, गंमत केली," म्हणाला आणि खांद्यावर हात ठेवला. आणि तिचं शरीर त्याच्याकडं वळलं.

ती नाही वळली. शरीर वळलं.

तिचा राग म्हणजे कॉर्टिसॉल. पट्टीनं ते वाचलं आणि इमानदारीनं आपलं काम केलं. जितका राग जास्त, तितका डोस जास्त. डॉक्टरांनी सांगितलेला तो वाघ त्या दिवशी तिचा नवराच होता, आणि शरीराला तो दिसत नव्हता. नंतर रणजित समाधानानं छताकडं बघत पडला, आणि चैताली आपल्याच हाताकडं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत राहिली. "नाही" म्हणायची तिची एकच जागा होती. तोंडानं ती कधी म्हणाली नसती, तसं शिकवलंच नव्हतं. शरीर म्हणत होतं. ते तोंडही आता बंद झालं होतं.

त्या दिवसापासून ती दुसरी चैताली घरात राहायला आली. नवऱ्याला आवडणारी, कधी न चिडणारी, कधी न दुखणारी. गजरा तिच्यासाठी. शीळ तिच्यासाठी. चैताली तिच्यावर जळायची, आणि जळणं हाही ताणच. म्हणजे पट्टी तेही वाचायची आणि सवतीला आणखी खाऊ घालायची. सवत तिच्या मत्सरावर पोसत होती!

पुढच्या रविवारी तिनं पट्टी काढून ठेवली. आत्ती पुन्हा बैठकीला. रणजित जवळ आला.

"आज लावली न्हाईस काय?"

"नाही. अशीच बस की जरा. बोलत."

"बरं, मग राहू दे," तो म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. "तुला त्रास नको. उद्या बघू." आणि मोबाईल उघडून कुस्ती बघायला लागला.

शिवी दिली असती तरी चाललं असतं. चैताली कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. ही कुणालाच नको होती.

मग आषाढ आला. कागलात अजून पाळतात, नव्या सुनेनं पहिला आषाढ माहेरी काढायचा. सासूचं आणि सुनेचं तोंड एकमेकींना दिसायचं नाही, नवऱ्यानं तिकडं फिरकायचं नाही. आत्तींनी ते काटेकोर लावून धरलं. केंद्रात एका हॉलची यंत्रं बदलायची होती, त्यामुळं बिनपगारी का होईना, रजा मिळाली.

आजऱ्याला पोहोचली त्याच दिवशी तिनं पट्टी ओरबाडून काढली. घरी फक्त आई. आई सकाळीच रोप लावणीला जायची ती दिवस कलल्यावर यायची. चैतालीला कुणी उठवलं नाही. ती झोपली. नुसती झोपली. पहिले काही दिवस झोपेतसुद्धा उजवा पाय दाबून धरलेला असायचा. आईनं तेल लावून तो सोडवला. मग एका सकाळी पाय आपोआप सैल होता. दार लावलं की लागत होतं. पलीकडून कुणी खोकत नव्हतं. घनसाळ भाताचा वास घरभर फिरायचा आणि तिला भूक लागायची, खरी भूक. पाळी आली, पट्टीशिवाय, आपली आपण.

एका दुपारी रणजितचा व्हिडिओ कॉल आला. तो चपात्या करत होता. आत्तींचा हात दुखावला होता म्हणे.

"बघ, बघ ही चपाती. कुठला देश ओळख."

"श्रीलंका," चैताली म्हणाली.

"आई म्हणत्या, तुझ्या बापानं कधी पाण्याचा तांब्या घेतला न्हाई आणि तू लाटणं धरतोयस. रडत्या का हसत्या कळंना."

त्याच्या नाकावर पीठ होतं. तो स्वतःवरच हसत होता. आणि चैतालीला तो जवळ हवासा वाटला. तिनं दंडाला हात लावून बघितला. दंड मोकळा होता. हे तिचं होतं. हळू आलं, लाजत आलं, पण कुणी पाठवलेलं नव्हतं.

"ये ना," ती म्हणाली.

"आषाढ हाय."

"ये म्हणते ना."

तो आला. दुसऱ्याच दिवशी, फौंड्रीत आजारी पडल्याचं सांगून, बुलेट गावाबाहेर काजूच्या बागेत लावून, चोरासारखा चालत आला. आई शेतात. लाकडी खिडक्या लावलेल्या, घरात अर्धा अंधार. चैतालीनं त्याला चहा दिला, खायला दिलं, बोलत बसवलं. तो घाई करायला लागला तेव्हा "थांब" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि तो थांबला. मग ज्या वेगानं तिला जायचं होतं त्या वेगानं दोघं गेले. कुठंही दुखलं नाही. ती हसली. तो चकित झाला. एवढ्या दिवसांत त्यानं तिला असं हसताना बघितलंच नव्हतं.

नंतर तो तिच्या केसांत बोटं घालून पडला होता. चैताली वाट बघत होती. आता काहीतरी म्हणेल. तुझी आठवण येत होती म्हणेल. तू सुंदर दिसतेस म्हणेल.

"नवा डोस आलाय वाटतं," रणजित म्हणाला. "मागच्यापेक्षा भारी हाय हा. कंपनीला पाच स्टार देऊन टाक."

चैताली उठून बसली. खिडकी उघडली. डावा हात वर केला.

"बघ."

"काय?"

"हात लाव. बघ नखानं खरवडून. आहे काय?"

त्यानं बोट फिरवलं. परत फिरवलं. "कधी काढलीस?"

"आले त्याच दिवशी."

तिला वाटलं, आता त्याचा चेहरा उजळेल. सवत हरली, आपण जिंकलो. पण रणजितचा चेहरा उजळला नाही. तो हळूहळू बंद होत गेला. त्यानं खोलीत नजर फिरवली. खुंटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं.

"पट्टी न्हाई," तो म्हणाला. "मग हे कशामुळं?"

"म्हणजे?"

"कागलात माझ्याजवळ आलीस की लाकूड होत होतीस. हितं औषध न्हाई, काय न्हाई, आणि ही अशी... कोण असतंय हितं?"

"आई असते!"

"तुझी आई दिवसभर शेतात."

चैतालीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हा तिच्यासारखाच जळत होता. कुणावर, ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या जगातल्या पुरुषांवर जळत होता.

"आपली बायको सुखी दिसली, तर तुला पहिला दुसरा पुरुषच दिसतो काय रे?"

"तसं न्हाई." त्यानं शर्ट घातला, गुंड्या चुकीच्या लावल्या. "तुला काय कळणार? रोज तू दात चावून पडायचीस. मला वाटायचं, मी खाटीक हाय. मनात यायचं, हिच्या मनात दुसरा कोणतरी असणार, म्हणून मला अंग देत न्हाई. ती पट्टी आली आणि मी सुटलो. पट्टी असली की मला कळतं, कशामुळं होतंय ते. नसली की..." तो थांबला. "तू लाव परत. मला खात्री तरी राहील."

"कसली खात्री? मी तुझी आहे ह्याची, का मी माझी नाही ह्याची?"

रणजित चप्पल अडकवून निघून गेला. थोड्या वेळानं काजूच्या बागेकडून बुलेटचा आवाज आला, आणि आषाढ मोडून जावई येऊन गेल्याचं सगळ्या आळीला कळलं.

आई चिखलाच्या पायानं परसातून आली. दोन कप बघितले. लेकीचा चेहरा बघितला.

"आलता?"

"हं."

"भांडला?"

चैतालीनं सगळं सांगितलं. आईला असलं कधी सांगितलं नव्हतं. आईनं पाय धुतले, पदरानं पुसले आणि चुलीजवळ टेकली.

"एवढंच ना? मग सांगायचं होतंस की, 'तुमच्यामुळंच' म्हणून. पुरुषाला एवढं एक सांगितलं की पोटभर झोपतोय. मी तुझ्या बाबांना जन्मभर सांगितलं."

"खरं होतं ते?"

आईनं चुलीत लाकूड सारलं. "फोन कर त्याला. एका शब्दाचं काम हाय. घर मोडू नगंस."

फोन करावा लागला नाही. त्याचाच आला. मागं बुलेटचा धडधडाट, वारं. हेल्मेटमधून बोलत होता, ओरडत होता.

"उत्तूरच्या पुढं आलोय. एकच सांग. खरं सांग. फक्त माझ्यामुळं झालं ना ते?"

चैताली दारात उभी राहिली. आई चुलीपाशी मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. एक शब्द, की घर शाबूत. रणजित शीळ घालत कागलात शिरेल. आषाढ संपेल, ती परत जाईल, पाय पेडलवर, कपाट मधे, पलीकडं खोकला. काही आठवड्यांत अंग परत आवळेल. तेव्हा तो विचारेल, आता का नाही? आता दुसरा कोण? मग पट्टी. मग ती दुसरी. आणि हे जे आज दुपारी हळूच, लाजत, आपल्या पायांनी आलं होतं, ते परत कधी फिरकणार नाही.

"नाही," ती म्हणाली.

आईनं कपाळावर हात मारला.

पलीकडून रणजितचा आवाज आला, चिरका, कडू. "बघ! मला म्हायीत होतं. मग कोण?"

"कोण नाही रे. तू होतास. पण तू एकटा नव्हतास."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीचं सांगायला लागेल. लांब आहे. माझ्या पायापासून सुरू होतं, तुझ्या आईच्या खोकल्यापर्यंत जातं, आणि तू मांडवात काय बोललास तेही त्यात आहे. तुला आवडणार नाही. तरी ऐकायचं असेल, तर विचार. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही. डॉक्टरनं सांगितलं, तेही तू ऐकलं नाहीस."

तिला वाटलं, आता हा फोन ठेवणार. ठेवला तर ठेवला. शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता.

"सांग," तो शेवटी म्हणाला. आवाजात प्रेम नव्हतं. संशय होता, राग होता, आणि त्याच्याही खाली भीती होती. "माझ्याशिवाय आणखी कशामुळं? सांग."

"गाडीवरून ऐकायची गोष्ट नाही ती. बाजूला लाव आधी."

धडधडाट मंद झाला. टायरखाली खडी वाजली. आणि बुलेट बंद झाली.